ओपीडीतला एआय लेखनिक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नाच्या पंगतीत, आयएमएच्या बैठकीत, पॅथॉलॉजी लॅबच्या जिन्यात, कुठेही ओळखीचे डॉक्टर भेटले की हल्ली एकच विचारतात: "ते ऐकून नोट लिहिणारं एक्स्टेन्शन तुम्ही वापरताय म्हणे. कसं आहे?" तेच तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. मी फिजिशियन आहे. दवाखाना सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे पेशंट मराठी, तेलुगू, कन्नड आणि दख्खनी अशा चारही भाषांत तक्रार सांगतात, कधीकधी एकाच वाक्यात. कोणत्याही कंपनीशी माझा संबंध नाही. त्यामुळे कोणतं घ्यावं हे सांगणार नाही, घेताना आणि वापरताना काय बघावं एवढं सांगते.

हा एआय लेखनिक म्हणजे नेमकं काय?

दहावीच्या परीक्षेत एखाद्या मुलाचा हात मोडला की बोर्ड त्याला लेखनिक देतं. मुलगा उत्तर सांगतो, लेखनिक लिहितो. इथेही तेच. तुमचं आणि पेशंटचं बोलणं माईक ऐकतो, त्या आवाजाचा मजकूर होतो आणि त्या मजकुरातून तक्रार, पूर्वेतिहास, तपासणी, निदान, उपचार अशी मांडणी केलेली नोट दोन-तीन परिच्छेदांत समोर येते. तुम्ही ती वाचायची, दुरुस्त करायची आणि ईएमआरमध्ये, म्हणजे पेशंटच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, सेव्ह करायची.

बोर्डाचा लेखनिक सहसा परीक्षार्थीपेक्षा एक इयत्ता खालचा असावा लागतो. कारण उघड आहे. त्याला उत्तर येत असेल तर तो स्वतःच्या डोक्याने लिहील. आपल्या या लेखनिकाची गोची तिथेच आहे. त्याने वैद्यकाची पुस्तकं खच्चून वाचलेली आहेत. तुम्ही अर्धं सांगितलंत की उरलेलं अर्धं तो पुस्तकातून भरतो, आणि अक्षर इतकं सुबक की शंका येत नाही. खाली जे काही सांगितलंय त्यातलं निम्मं या एकाच खोडीबद्दल आहे.

ब्राउझरमध्ये राहून ते ईएमआरमध्ये कसं लिहितं?

एक्स्टेन्शन म्हणजे क्रोम किंवा एजमध्ये बसवलेलं छोटं पूरक सॉफ्टवेअर. तुमचं ईएमआर ब्राउझरच्या एका टॅबमध्ये उघडं असतं आणि एक्स्टेन्शनची पट्टी बाजूला. ते पान वाचू शकतं, त्यातले रकाने ओळखू शकतं आणि त्यांत मजकूर टाकू शकतं. ईएमआरच्या कंपनीची परवानगी किंवा त्यांच्याशी वेगळी जोडणी लागत नाही. हीच सोय, आणि धोकाही हाच.

कधीकधी मजकूर टाकल्यासारखा दिसतो पण सेव्ह केल्यावर रकाना रिकामा! ईएमआरच्या पानाला वाटतं की कुणी टाइप केलेलंच नाही. अशा वेळी रकान्यात क्लिक करून शेवटी एक स्पेस दाबा, मग सेव्ह करा. तरी जमलं नाही तर कॉपी-पेस्ट. काही ईएमआरमध्ये रकाने पानाच्या आत दुसरं पान बसवून केलेले असतात, तिथे एक्स्टेन्शनला ते सापडतच नाहीत. तिथेही कॉपी-पेस्ट. त्यात कमीपणा नाही. उलट कॉपी करताना डोळ्याखालून एकदा मजकूर जातो.

माझं ईएमआर संगणकात इन्स्टॉल केलेलं जुनं सॉफ्टवेअर आहे. चालेल?

एक्स्टेन्शन त्यात शिरू शकणार नाही. ते फक्त ब्राउझरमधल्या पानांना हात लावू शकतं. नोट ब्राउझरमध्ये तयार करून चिकटवता येईल, बस. आणि मोबाइलवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन चालत नाहीत, त्यामुळे फोनवर प्रॅक्टिस करणाऱ्यांनी या पानावर पुढे वेळ घालवू नये.

आपल्या पेशंटची भाषा त्याला कळते का?

पुस्तकी मराठी बऱ्यापैकी कळते. "कसंतरी व्हायलंय की हो मॅडम, पाय नुसते दुखायलेत," हे तो कधी बरोबर घेतो, कधी त्याचं काहीतरी तिसरंच करतो.

खरी अडचण शब्द ऐकण्यात कमी आणि अर्थ लावण्यात जास्त. "तीन महिने अंगावर काढलं" म्हणजे उपचार न घेता सहन केलं, आणि "अंगावरून जातंय" म्हणजे स्त्रीरोगाची तक्रार. एका अक्षराचा फरक आणि नोट वेगळ्या विभागात. "दिवस गेलेत" याचं एकदा "काही दिवस उलटले" झालं होतं. बाई चार महिन्यांची गरोदर होती. "परवापासून ताप आहे" यातला परवा मागचा, "परवा येते रिपोर्ट घेऊन" यातला पुढचा. तारखा लावताना यंत्र दोन्हीकडे घसरतं. आणि "ह्यांना रात्री झोप नाही" असं बाई म्हणतात तेव्हा "हे" म्हणजे नवरा, तोही शेजारी बसलेला, हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं.

होकाराचं बघा. तुम्ही विचारता, "ताप नाही ना?" पेशंट म्हणतो, "हो." आपल्याला कळतं की ताप नाही. नोटमध्ये ताप लागतो. तेव्हापासून मी "ना" लावून प्रश्न विचारणं सोडलं. "ताप आहे का?" असं सरळ विचारायचं.

तेलुगू-कन्नडचं सांगायचं तर, पेशंट "कडुपु मंट" म्हणाला तर पोटात जळजळ, कन्नडमध्ये "एदे उरि" म्हटलं तर छातीत जळजळ. एका नोटमध्ये "एदे उरि"चं छातीत दुखणं झालं होतं. पित्ताच्या माणसाच्या नावावर हृदयविकाराची शंका चढली. याला माझ्याकडे एकच उपाय आहे. पेशंटचं बोलणं मी मराठीत परत म्हणते: "म्हणजे छातीत जळजळतंय, दुखत नाही, जेवल्यावर होतं, बरोबर?" पेशंट मान हलवतो, मी "बरोबर" म्हणते. लेखनिकाला स्वच्छ वाक्य मिळतं आणि माझंही ऐकण्यात काही चुकलं असेल तर तिथेच कळतं. ही सवय खरं तर यंत्राविनाही चांगलीच होती, लागली मात्र यंत्रामुळे.

ती विडीची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे, आणि माझ्याच दवाखान्यातली आहे. साधारण पन्नाशीच्या एक अक्का मान आणि खांदा दुखतो म्हणून आल्या. काय काम करता विचारल्यावर म्हणाल्या, "विड्याच की. आठशे, कधी हजार होतात दिवसाला." सोलापुरात बायका घरी विड्या वळतात, त्यामुळे यात विचारण्यासारखं काही नाही. घरात सूप मांडीवर घेऊन मान खाली घालून बसलेली बाई डोळ्यांसमोर येते, मानदुखीचं कारणही तिथेच सापडतं. नोटमध्ये आलं: धूम्रपान, विडी, दिवसाला आठशे ते हजार.

हसू आलं, पण मी ती ओळ पाहिली नसती तर? पुढच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरांनी ईएमआर उघडलं असतं आणि जन्मात विडी न ओढलेल्या बाईच्या नावावर व्यसन कायमचं लागलं असतं. विम्याच्या कागदांतही तेच गेलं असतं. जे तिथे असायला हवं होतं, म्हणजे व्यवसाय, तंबाखूच्या धुरळ्याशी रोजचा संबंध, तासन्‌तास एका जागी बसणं, ते मात्र कुठेच नव्हतं.

दुसरं उदाहरण याच्या उलट, गाळलेल्या गोष्टीचं. यंत्रमागावरचा एक कामगार म्हणाला, "सुट्टी झाली की दुसऱ्या दिवशी कामावर छाती भरते, मग हळूहळू सुटते." कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसची ही जवळजवळ पाठ्यपुस्तकातली खूण: सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त त्रास. लेखनिकाने सारांश केला: "अधूनमधून दम लागतो." भाषा निर्दोष. निदान गेलं. सारांश करताना तो बारीकसारीक म्हणून जे टाकून देतो, त्यातच कधीकधी आजार असतो. म्हणून पेशंटचं एक तरी मूळ वाक्य अवतरणात ठेवायची सूचना मी सेटिंगमध्ये लिहून ठेवली आहे. बहुतेक एक्स्टेन्शनांत अशी सूचना देता येते.

आकडे बरोबर येतात का?

इंग्रजीत सांगितले तर बहुधा येतात. मराठीत सांगितले तर देव तारी. आपल्या आकड्यांची रचना बघा: सव्वाशे, दीडशे, पावणेदोनशे, अडीचशे. "साखर पावणेदोनशे आली" म्हणजे १७५, नोटमध्ये मी २०० पाहिलेत. एकोणचाळीस आणि एकोणपन्नास, बावन्न आणि बासष्ट हे पंख्याच्या आवाजात माणसालाही फसवतात. थायरॉइडची साडेबासष्ट मायक्रोग्रॅमची गोळी असते, त्यातला "साडे" उडाला की ६२ उरतात आणि त्या ताकदीची गोळीच नसते. ही चूक निदान लगेच दिसते. न दिसणाऱ्या चुका वाईट. बीपी, साखर, वजन आणि डोस मी आता इंग्रजीत, एकेक आकडा सुटा म्हणते. पेशंटला तोच आकडा मराठीत पुन्हा सांगते.

जे झालंच नाही तेही लिहितं म्हणतात. खरं?

होय, आणि माझ्या मते सगळ्यात जपायची जागा ही. दोन प्रकारे होतं.

पहिला प्रकार आवाजाचा मजकूर करताना. बोलण्यात लांब शांतता असली, पेशंट विचार करत बसला किंवा तुम्ही स्टेथोस्कोप लावून अर्धा मिनिट गप्प असलात, की काही यंत्रणा त्या शांततेत स्वतःचे शब्द भरतात. ओपनएआयच्या व्हिस्पर या आवाज ओळखणाऱ्या मॉडेलवर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे एक टक्का ध्वनिफितींच्या मजकुरात कुणीही न बोललेली वाक्यं सापडली. एक टक्का कमी वाटतो. ओपीडीत दिवसाला पन्नास पेशंट धरले तर दोन दिवसांत एक.

दुसरा प्रकार नोट रचताना. तुम्ही छाती तपासलीत पण बोलला काही नाहीत. साच्यात श्वसनसंस्थेचा रकाना आहे. लेखनिकाला रिकामा रकाना बघवत नाही, तो लिहून मोकळा होतो: "दोन्ही बाजूंना हवा समान, जादा आवाज नाहीत." पायांची सूज पाहिलीच नाही, तरी "सूज नाही." उद्या काही वाकडं झालं आणि ही नोट ग्राहक आयोगापुढे गेली, तर न केलेली तपासणी केल्याचं तुमच्या सहीनिशी लिहिलेलं असेल. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवून टाकलंय. "ते यंत्राने लिहिलं" हे तिथे चालणार नाही.

सेटिंगमध्ये "न बोललेली तपासणी लिहू नकोस, रकाना रिकामा ठेव" असं असेल तर चालू करा. नसेल तर सूचना म्हणून टाइप करून ठेवा. तरीही तपासणीचा परिच्छेद रोज, प्रत्येक पेशंटचा, शब्दन्‌शब्द वाचा. बाकी काही घाईत बघितलंत तरी चालेल, हा नाही.

मग तपासताना सगळं मोठ्याने बोलायचं? पेशंट घाबरत नाही?

घाबरतो. "उजव्या बाजूला खाली क्रेप्स आहेत" (म्हणजे फुफ्फुसात चरचर ऐकू येते) म्हटल्यावर एक काका खुर्चीतून अर्धे उठले होते. आता मी आधीच सांगते, "मी आता जे बोलेन ते लिहून घेण्यासाठी आहे, तुम्हाला नंतर मराठीत समजावते." पोट तपासताना, स्तनाची तपासणी करताना किंवा बरोबर नातेवाईक उभे असताना मी बोलत नाही. तपासणीत जे आढळलं ते मी टेबलाशी परत आल्यावर हाताने टाइप करते. एक लक्षात ठेवा, यंत्राला दिसत नाही. पेशंटने ॲलर्जीच्या प्रश्नावर मान हलवली तर तुम्हाला म्हणावं लागतं, "औषधाची ॲलर्जी नाही म्हणताय."

पेशंटची परवानगी कशी घेता?

माईक सुरू करण्याआधी, तोंडी, त्याच्या भाषेत. माझं वाक्य ठरलेलं आहे:

"आपलं बोलणं हा संगणक ऐकून लिहून घेतो, म्हणजे मला तुमच्याकडे बघून बोलता येतं. लिहिलेलं मी तपासते. नको असेल तर सांगा, बंद ठेवते. तपासणीत काही फरक पडणार नाही."

होकार मिळाला की ईएमआरमध्ये तशी एक ओळ टाकते. बाहेर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत पाटी लावली आहे, पण पाटीवर भागवू नका. निम्म्या लोकांचं पाटीकडे लक्ष जात नाही, काहींना वाचता येत नाही. बरेच जण एवढंच विचारतात, "टीव्हीवर तर जात नाही ना?" एका आजींनी मात्र सरळ विचारलं, "माझ्या सुनेला ऐकवणार का?" नाही म्हटल्यावर त्या पुढची पंधरा मिनिटं सुनेबद्दलच बोलल्या. ते सगळं नोटमधून काढावं लागलं.

नातेवाईक बरोबर असतील तर त्यांचाही आवाज ध्वनिमुद्रित होतो, त्यांनाही सांगा. नकार आला तर चेहऱ्यावर आठी न आणता बंद करा.

कायदा काय म्हणतो?

मी वकील नाही, पण इतकं पक्कं माहीत असावं. वैद्यकीय नोंदी २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत संवेदनशील व्यक्तिगत माहिती धरल्या आहेत. २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. त्या कायद्याच्या नजरेत जबाबदार पक्ष तुम्ही, म्हणजे दवाखाना. एक्स्टेन्शनची कंपनी तुमच्यासाठी काम करणारी. तिच्याशी लेखी करार हवा. माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. आपल्यासारख्या छोट्या दवाखान्याला तेवढा कुणी लावणार नाही, पण आकडा वाचून झोप उडायला हरकत नाही.

कंपनीला तीन गोष्टी विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या. ऑडिओ कोणत्या देशातल्या सर्व्हरवर जातो? किती दिवस राहतो? आमच्या पेशंटच्या बोलण्यावर तुम्ही तुमचं मॉडेल शिकवता का? तिसऱ्या प्रश्नावर "माहिती अनामिक करून वापरतो" असं गोलमोल उत्तर आलं तर मी तरी पुढे जात नाही. सोलापूरसारख्या गावात नाव काढलं तरी "साखर पेठेतली, दोन्ही मुलगे पुण्याला, नवरा मिलमध्ये होता" एवढ्यावरून माणूस ओळखता येतो.

कोणत्या पेशंटच्या वेळी माईक बंदच ठेवावा?

माझी यादी: एचआयव्ही, गर्भपात, मानसिक आजार, घरगुती मारहाण, अत्याचार, पोलीस केस. एचआयव्ही आणि मानसिक आरोग्य या दोन्हींवरच्या २०१७ च्या कायद्यांत गोपनीयतेची वेगळी कलमं आहेत, गर्भपाताच्या कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीने तसं कलम आलं. शिवाय कायदा बाजूला ठेवला तरी, नवऱ्याने मारलं हे सांगायला बाईला जो धीर लागतो तो टेबलावरचा लाल दिवा बघून जातो. सोनोग्राफीवाल्यांनी गर्भलिंगनिदानबंदी कायद्याखालचा एफ फॉर्म यावर सोपवू नये, हे वेगळं सांगायला नको.

इन्स्टॉल करताना "सर्व वेबसाइटवरचा डेटा वाचणे आणि बदलणे" अशी परवानगी मागतं. द्यावी?

एवढी मोकळीक देऊ नका. क्रोममध्ये एक्स्टेन्शनच्या तपशिलात गेलात तर ते कोणत्या साइटवर चालावं हे ठरवता येतं: क्लिक केल्यावर, ठरावीक साइटवर, की सगळीकडे. "ठरावीक साइटवर" निवडा आणि फक्त ईएमआरचा पत्ता द्या. नाहीतर तुमचं नेटबँकिंग आणि ईमेलही त्याच्या डोळ्यांसमोर.

त्याहून चांगलं म्हणजे ओपीडीसाठी क्रोमचं वेगळं प्रोफाइल करा. त्यात ईएमआर आणि हे एक्स्टेन्शन, तिसरं काही नाही. कूपन शोधणारी, व्याकरण सुधारणारी, पीडीएफ बदलणारी फुकट एक्स्टेन्शनं त्या प्रोफाइलमध्ये नकोत. डिसेंबर २०२४ मध्ये फसव्या ईमेलने डेव्हलपरांची खाती बळकावून बऱ्याच एक्स्टेन्शनांच्या अपडेटमध्ये चोरीचा कोड घुसवल्याचं उघड झालं होतं. वापरणाऱ्यांनी काहीच केलं नव्हतं, अपडेट आपोआप आलं होतं.

सरकारी किंवा ट्रस्टच्या रुग्णालयात काम करत असाल तर तिथल्या संगणकावर स्वतःच्या मनाने काहीही बसवू नका. प्रशासनाची लेखी परवानगी घ्या.

सगळ्यात वाईट चूक कोणती झाली?

चुकीच्या पेशंटच्या फाइलमध्ये नोट गेली. सासू आणि सून एकत्र आल्या होत्या, आडनाव तेच. सासूबाईंचं संपलं, रिसेप्शनवरून सुनेची फाइल दुसऱ्या टॅबमध्ये उघडली गेली, मी तोवर सासूबाईंना पथ्य सांगत होते. नोट तयार झाली, मी बटण दाबलं, आणि मधुमेह आणि गुडघेदुखी अठ्ठावीस वर्षांच्या सुनेच्या नावावर. संध्याकाळी लक्षात आलं. चूक एक्स्टेन्शनची म्हणता येणार नाही. समोर जो टॅब उघडा होता त्यात त्याने इमानदारीने लिहिलं.

आता नियम: एका वेळी एकच फाइल उघडी. बटण दाबण्याआधी वरचं नाव आणि वय मोठ्याने वाचायचं. पेशंट बदलला की ध्वनिमुद्रण थांबवून नवीन सुरू करायचं, जोडीने आले असले तरी. आणि फोन नंबर, आधार, आभा (सरकारी आरोग्य ओळख) क्रमांक हे सगळं माईक सुरू होण्याआधी रिसेप्शनवर उरकायचं.

औषधांची चिठ्ठी त्याच्याकडून लिहून घ्यावी का?

मी घेत नाही. नोट त्याची, चिठ्ठी माझी. हायड्रॉक्सिझिन खाजेवरचं, हायड्रॅलझिन बीपीचं, ऐकायला भाऊ-भाऊ. "दिवसाआड" आणि "दिवसातून" यांत किती अंतर आहे ते बघा. मेथोट्रेक्सेट सांधेदुखीसाठी आठवड्यातून एकदा देतात. ते रोज घेतलं गेलं तर माणूस दगावू शकतो. "आठवड्यातून" हा एक शब्द पंख्याच्या घरघरीत हरवला तर काय होईल याचा विचारही नको. चिठ्ठी ईएमआरच्या औषधयादीतून निवडून, स्वतः.

ऑडिओ ठेवावा की पुसावा?

सही झाली की पुसावा, असं माझं मत. भरती रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायच्या आणि मागितल्या तर ७२ तासांत द्यायच्या, हे वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांत आहे. पण नोंद म्हणजे तुमची सही झालेली नोट. ऑडिओ ठेवलात तर तो सांभाळायची जबाबदारीही आली, आणि उद्या कुणी मागितला तर नाही म्हणणं अवघड. काही मित्रांचं मत उलटं आहे, पुरावा म्हणून असावा. त्यांनी मग तो कुठे, किती दिवस आणि कुणाच्या हातात राहील हे लिहून ठेवावं.

कंपाउंडरने किंवा ज्युनिअरने नोट तपासली तर चालेल?

शुद्धलेखन बघायला चालेल. सही तुमची, तर वाचणंही तुमचं.

आमच्याकडे पंखा, कूलर, बाहेर रिक्षा. आवाज नीट जातो का?

लॅपटॉपच्या आतल्या माईकवर भरवसा ठेवू नका, तो पंख्याचं आधी ऐकतो. यूएसबीचा साधा माईक टेबलावर, तुमच्या आणि पेशंटच्या मध्ये, दीड-दोन फुटांवर ठेवा. एप्रिल-मेमध्ये कूलर बंद करा म्हणायची सोलापुरात माझी हिंमत नाही, तोंड दुसरीकडे फिरवता येतं तेवढं फिरवा. बाहेरून नंबर पुकारणं दार लावून होऊ द्या. एकदा "बत्तीस नंबर, आत या" हे नाडीचे ठोके म्हणून आलं होतं. यंत्रमागावर वर्षानुवर्षं काम केलेल्या पेशंटला बऱ्याचदा कमी ऐकू येतं, तो स्वतः ओरडून बोलतो आणि आपणही ओरडतो. अशा वेळी माईक थोडा लांब सरकवा, नाहीतर आवाज फाटतो.

वेळ खरंच वाचतो का?

लिहिण्याचा वाचतो. वाचलेला वेळ वाचण्यात घालवायचा, हा त्यातला करार. शंभर शब्दांची नोट नीट वाचायला अर्धा-पाऊण मिनिट लागतं. सर्दी-खोकल्याच्या पेशंटला चार शब्द हाताने टाइप करणं जास्त पटकन होतं, तिथे मी ते वापरतच नाही. नवीन पेशंट, जुना मधुमेह, पाच तक्रारी, सात औषधं, बरोबर दोन नातेवाईक, अशा वेळी मात्र खरोखर हात मोकळे होतात. पहिले दोन आठवडे उलट जास्त वेळ जातो, हेही सांगून ठेवते. मोजायचं असेल तर आठवडाभर रात्री दवाखाना बंद झाल्यावर नोटा पूर्ण करायला किती वेळ बसलात ते लिहून ठेवा. माझ्या घरच्यांना फरक तिथेच दिसला.

खर्च बहुधा दर डॉक्टरमागे महिन्याला असतो. फुकट चाचणीचा काळ संपायच्या आत गर्दीच्या सोमवारी वापरून बघा, निवांत दुपारी नको.

मध्येच वीज किंवा नेट गेलं तर?

आवाज दाबून पाठवला तर तासाला साधारण पंधरा एमबी पुरतात, म्हणजे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागतं. राउटरला छोटा इन्व्हर्टर जोडून घ्या. पण नेट तुटल्यावर तोवरचं बोलणं राहतं की जातं हे प्रत्येक एक्स्टेन्शनचं वेगळं. चाचणीच्या काळात मुद्दाम राउटरची वायर काढून बघा. माझं पहिलं एक्स्टेन्शन त्या परीक्षेत नापास झालं, नऊ मिनिटांचा इतिहास गेला आणि पेशंटला पुन्हा विचारावं लागलं. ते म्हणाले, "आत्ताच तर सांगितलं की मॅडम." तेव्हापासून टेबलाच्या डाव्या कप्प्यात जुनी केसपेपरांची वही आणि दोन पेनं असतात.